पेट्रोलच्या टाकीचा गंज

ज्यांच्या घरीं पेट्रोलवर चालणारी जुनी जीप अद्यापि आहे, त्यांच्याकरितां हा लेख लिहीत आहों. विलीज नमुन्याच्या या गाड्या स्वातंत्र्यानंतर लवकरच आपल्या देशांत जुळूं लागल्या, आणि त्यांपैकीं कित्येक अजून खळ्यापर्यंत जातात. इंजिनाची व चाकांची काळजी मालक घेतो. परंतु चालकाच्या बैठकीखालीं जी पत्र्याची टाकी असते, तिच्याकडे ती गळूं लागेपर्यंत कोणी पाहत नाहीं.

आमच्या मेहुण्यांची अशी एक जीप चार पावसाळे गोठ्याशेजारीं उभी होती. ती पुन्हां चालू केली तेव्हां इंजिन लागलें, पण मैलभर जाऊन थांबलें. दहा मिनिटें वाट पाहिली तों पुन्हां लागलें, व पुन्हां मैलभरानें थांबलें. याचें कारण असें कीं, इंजिन पेट्रोल ओढीत असतां गंजाचा चुरा टाकींतील नळीच्या तोंडाशीं गोळा होतो. ओढ थांबली म्हणजे तो गळून पडतो व वाट मोकळी होते. ज्या गाडीस ही खोड असेल तिच्या पेट्रोलपंपाची कांचेची वाटी काढून पाहावी. तळाशीं विटकरी गाळ दिसला, तर निराळ्या पंचनाम्याची गरज नाहीं.

गंज पेट्रोलानें चढतो असा समज आहे, तो बरोबर नव्हे. टाकीचा जो भाग रिकामा असतो, तेथें तो बहुधा प्रथम धरतो. दिवसा टाकींतील हवा तापून बाहेर जाते, रात्रीं ती निवतांना बाहेरची ओलसर हवा आंत येते, आणि थंड पत्र्यावर दंव धरतें. ते थेंब पेट्रोलापेक्षां जड असल्यामुळें तळाशीं जाऊन बसतात. कारखान्यांत अशा टाक्यांच्या पत्र्यास बहुधा कथील व शिसें यांचा पातळ मुलामा देत असत. म्हणजे पितळी भांड्यास आपण कल्हई करतों त्यांतलाच प्रकार. कल्हई उडाली कीं भांडें कळकतें, तद्वत् मुलामा उडाला कीं पत्रा गंजतो. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के मद्यार्काचें पेट्रोल मिळूं लागलें. त्यांतील कांहीं मद्यार्क आपल्याच उंसाचा असल्यामुळें आम्ही त्याबद्दल कुरकुर करणार नाहीं. परंतु मद्यार्क पाणी ओढून घेतो, आणि तें मर्यादेबाहेर झालें म्हणजे दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळीं होतात व तळाशीं उतरतात. उभ्या गाडीच्या पत्र्यास तो थर महिनोगणती लागून राहतो. जुन्या रबरी नळ्याही त्यानें फुगतात, म्हणून त्या याच वेळीं बदलाव्या.

आतां मुख्य गोष्ट. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक घातक आहे. हवेच्या शंभर भागांत सुमारें दीड ते साडेसात भाग पेट्रोलची वाफ मिसळली, तर एका ठिणगीनें स्फोट होतो. आणि ही वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें टाकींतून आपण होऊन जात नाहीं. मेहुण्यांच्या टाकीस तळाशीं भोकें पडलीं होतीं. तालुक्याच्या गांवच्या एका कारागिरानें ती ओतून घेतली, उन्हांत दोन दिवस ठेविली, आणि "आतां आंत कांहीं नाहीं" म्हणून वेल्डिंगची ज्योत लाविली. टाकीचें एक अंग उडून भिंतीवर आदळलें. त्या गृहस्थाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही दहा हातांवर उभे होतों. "उन्हांत ठेविली आहे ना, मग चालेल," असें त्यास आम्हींच म्हटलें होतें, हें येथें लिहून ठेवणें प्राप्त आहे.

पुढें जुन्या बाजारांतून दुसरी टाकी आणली. ती गळत नव्हती, पण आंतून लाल होती. तिच्यावर जें केलें तें सांगतों. काम उघड्यावर केलें. जवळ विडी, दिवा, विजेचें यंत्र कांहीं ठेविलें नाहीं. आंत पाहण्यास बंद कांचेची बॅटरी घेतली, तीही दूर जाऊन लावून मग जवळ आणली. प्रथम कढत पाणी व धुण्याचा सोडा घालून ती दोनदां धुतली, कारण जुन्या पेट्रोलाचा लाखेसारखा थर राहिला तर आम्ल गंजापर्यंत पोंचत नाहीं. मग हातभर बारीक साखळी दोरीस बांधून आंत सोडली व टाकी हलविली. कोणी सुटे खिळे घालतात. ते मोजून घालावे व मोजून काढावे, नाहीं तर आंतील पडद्यांमागें अडकतात.

नंतर चाळीस लिटर कोमट पाण्यांत किराणा दुकानीं मिळणारें दोन किलो लिंबूसत्त्व विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरली आणि एक अहोरात्र ठेविली. चिंचेनें तांब्याचा कलश उजळतो तीच ही क्रिया, फक्त लोखंडावर ती सावकाश चालते. यांतून जलनशील वायु निघतो, म्हणून तोंडें उघडीं ठेवावीं. मिठाचें आम्ल कोणी सुचवील. तें गंजाबरोबर पत्राही खातें. पाणी ओतल्यावर खाण्याच्या सोड्यानें धुऊन टाकी तत्काळ वाळवावी. येथें आमची चूक झाली: जेवावयास गेलों, आणि परत येईपर्यंत स्वच्छ पत्र्यावर केशरी झांक आली होती. पुन्हां अर्धा दिवस गेला. वाळली कीं लगेच पेट्रोलांत थोडें तेल मिसळून तें सर्व अंगास लागेल असें फिरवावें. हीं धुणावळीचीं पाणीं विहिरीकडे वाहूं देऊं नयेत.

आंतून रंगासारखा लेप देतात, त्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. गंजावर दिलेला लेप सुटतो आणि त्याच्या पापुद्र्यांनीं नळी तुंबते. जेथें पेचकसाचें टोंक दाबल्यानें पत्रा दबतो किंवा शिवणीजवळ ओल दिसते, तेथें धुण्याचा खटाटोप न करितां नवी टाकी घ्यावी.

बसविल्यावर नळीमध्यें पारदर्शक गाळणी लावावी. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी कांठोकांठ भरावी. त्याहून अधिक काळ असेल तर पुरती रिकामी करून आंत तेलाचा हात द्यावा. मेहुण्यांच्या गाळणींत पहिल्या महिन्यांत चिमूटभर लाल धूळ मिळाली, दुसऱ्यांत कांहींच नाहीं. हात भाजलेल्या कारागिरानें ती टाकी बसविण्याची मजुरी घेतली नाहीं. आम्हीं मात्र ती त्याच्या घरीं नेऊन दिली.