दोरास टेकलेली पाठ

आपल्याकडील कुस्तीत पाठ मातीस लागली की निकाल झाला. मग मल्ल कितीही बलाढ्य असो. पाश्चात्त्यांच्या मुष्टियुद्धात रिंगणाच्या दोरास पाठ लागल्याने कोणी हरत नाही. तरीपण ती पराभवाची पहिली पायरी खास समजली जाते. दोराशी खेटलेल्या योद्ध्यास मागे सरण्यास जागा नसते आणि प्रतिपक्ष्यास नेम धरण्यास सवड मिळते. म्हणून दोरापासून दूर राहावे, हा उस्तादांचा पहिला धडा. परंतु काही थोड्या चतुर पुरुषांनी या अडचणीच्या जागेचाच किल्ला केला. त्यांची ही विद्या मोठी मनोवेधक आहे.

या विद्येचे मर्म तीन गोष्टींत आहे. कोपर बरगड्यांशी आणि मुठी गालांशी घट्ट आवळल्या म्हणजे बहुतेक ठोसे हातांवरच पडतात. कमरेपासून मागे झुकले असता दोर ताणतो, मस्तक माऱ्याच्या टप्प्याबाहेर जाते आणि आघाताचा काही जोर दोरच गिळतो. तिसरी गोष्ट अशी की, हवेत गेलेला ठोसा मारणाऱ्यासच दमवितो. कारण फेकलेला हात सावरून परत आणण्यासही बळ खर्चावे लागते. पस्तिशी उलटल्यावर, १९५२ साली, लाइट हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळविणारा अमेरिकन योद्धा आर्ची मूर हा दोन्ही बाहू तोंडापुढे आडवे धरून असाच कासवाप्रमाणे अंग चोरून लढे, आणि शत्रू थकला की त्याच कवचातून अकस्मात ठोसा हाणी.

या विद्येचा सर्वांत विख्यात प्रयोग ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, पहाटे चारच्या सुमारास, आफ्रिकेतील झाईर देशाच्या किन्शासा नगरीत झाला. सुमारे ६०,००० प्रेक्षक उघड्या मैदानात जमले होते. जगज्जेता जॉर्ज फोरमन हा अवघा २५ वर्षांचा. त्याने ४० पैकी ४० लढती जिंकल्या होत्या आणि त्यांपैकी ३७ प्रतिस्पर्धी गारद करून. ज्यो फ्रेझर व केन नॉर्टन या दोघांनी पूर्वी महंमद अलीस हरविले होते. त्या दोघांस फोरमनने दोन-दोन फेऱ्यांतच लोळविले. अली ३२ वर्षांचा. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्याचे नाकारल्यामुळे १९६७ साली त्याचे पद हिरावले गेले होते आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे वाया गेली होती. आता अली जिवानिशी सुटला म्हणजे मिळविली, असेच पुष्कळांस वाटत होते.

पहिल्या फेरीत अलीने चपळाईने हल्ला केला. पण फोरमन त्याची वाट अडविण्यात तरबेज होता. असे पंधरा फेऱ्या पळत राहिलो तर आपणच आधी थकू, हे अलीने ओळखले. दुसऱ्या फेरीत तो आपण होऊन दोरास टेकला. त्याचा उस्ताद अँजेलो डंडी कोपऱ्यातून ‘बाहेर ये’ म्हणून ओरडत होता. पण अलीने ऐकले नाही. फोरमनचे घणाघाती ठोसे दंडांवर व कुशींवर पडत राहिले. अली मधूनच सरळ ठोसे हाणी, मिठी मारून त्याची मान खाली दाबी, आणि ‘एवढाच का तुझा जोर?’ अशा अर्थाचे टोमणे देई. उकाडा असह्य होता. पाचव्या फेरीअखेर फोरमनचे हात जड झाले. आठवी फेरी संपण्यास थोडे क्षण उरले असता अली दोरावरून निसटला, त्याने ठोशांची सरबत्ती केली आणि फोरमन कोसळला. योगायोग असा की, फोरमनच्या पक्षात सल्लागार म्हणून बसला होता तो आर्ची मूरच!

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. मार सोसण्याचे सामर्थ्य हे बळ असले तरी ते उधारीचे असते. १९७५ साली मनिला येथे फ्रेझरशी चौदा फेऱ्या, १९७७ साली अर्नी शेव्हर्सशी पंधरा फेऱ्या, असा मार अली पुढेही खात राहिला. पायांतील चपळाई ओसरली, तसा दोर त्याचा नित्याचा आश्रय झाला. आणि दरेक ठोसा काही हातांवर झेलता येत नाही. १९८१ मध्ये तो निवृत्त झाला. १९८४ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यास कंपवाताची लक्षणे असल्याचे निदान झाले. मस्तकावरील आघात त्यास कितपत कारण झाले, याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. तथापि ते सर्वस्वी निर्दोष होते, असे म्हणण्यास फारच थोडे धजतील. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत पेटविताना त्याचे थरथरणारे हात साऱ्या जगाने पाहिले. २०१६ साली तो निवर्तला.

फोरमनने मात्र त्या रात्रीपासून धडा घेतला. पुढे दहा वर्षे रिंगण सोडून तो धर्मोपदेशक झाला. परतला तो सबुरी शिकून. १९९४ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, त्याने पुन्हा जगज्जेतेपद मिळविले. अलीचा तो जिवलग मित्र झाला आणि २०२५ साली वारला.

संकटास पाठ न दाखविता पाठ टेकून उभे राहणे, हा गुण संसारातही उपयोगी पडतो. आपल्या घरांतून असे मूकपणे सोसणारे माणूस बहुधा एखादे असतेच. त्याच्या सोशिकपणाचे कौतुक जरूर करावे. परंतु त्याचा मार कोठे साठत आहे, हेही घरातील इतरांनी वेळीच पाहावे.