गोरोबाकाकांची कथा आणि कृष्णधवल पडदा

तेरचे गोरोबाकाका आपल्याला अभंगांतून, कीर्तनातून भेटतात. १९४८ साली मात्र ते पडद्यावर तमिळ बोलले. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या ‘चक्रधारी’ या कृष्णधवल बोलपटाचे दिग्दर्शक होते के. एस. गोपालकृष्णन आणि गोरा कुंभार झाले होते नागय्या. तेरणाकाठच्या कुंभाराची कथा इतक्या दूर पोचली, याचं श्रेय संतकथेच्या बळाला आहेच; तितकंच ते त्या काळातल्या स्टुडिओंनाही द्यायला हवं.

हॉलिवूडमध्ये एमजीएम, वॉर्नर ब्रदर्स, पॅरामाउंट यांनी स्टुडिओ पद्धत रुजवली. नट, छायाचित्रकार, सुतार, शिंपी सगळे पगारी आणि चित्रीकरणापासून रसायनशाळेपर्यंत सगळं एका आवारात. आपल्याकडे ‘प्रभात’ तशीच चाले. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच माणसांनी चित्रपटामागून चित्रपट उजळायचा म्हटल्यावर प्रकाशाची जाण हातात मुरते. जुना कृष्णधवल चित्रपट पाहायचा, तो आधी या जाणकारीसाठी.

मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल ओठ पडद्यावर काळे पडत. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि करड्या रंगाच्या कितीतरी छटा हाती लागल्या. शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (१९३७) या दृष्टीने पुन्हा पाहावा. ज्या लाल टिळ्यावरून चित्रपटाला नाव मिळालं, तो लाल रंग त्यात दिसतच नाही. नीरा झालेल्या शांता आपटे यांच्या उजळ कपाळावर दिसतो तो एक गडद ठिपका. तरीही म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लावलेल्या लग्नाचा सगळा भार नीराच्या त्या ठिपक्यावर येतो. शिवाय या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले, रस्त्यावरचे आवाज एवढ्यावर प्रसंग उभे राहतात. हे धाडस आजही थक्क करतं.

हॉलिवूडचे दोन चित्रपट जोडीला घ्यावेत. ‘शांघाय एक्स्प्रेस’मध्ये (१९३२) मार्लिन डिट्रिशच्या चेहऱ्यावर मुख्य दिवा समोरून, पण उंचावरून येतो. गाल खोल दिसतात, नाकाखाली छोटी सावली पडते, डोळे चमकतात. त्या छायाचित्रणासाठी ली गार्म्स यांना ऑस्कर मिळालं. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) ग्रेग टोलंड यांनी जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट ठेवलं. पुढे टेबलापाशी आई मुलाचा ताबा सोपवणाऱ्या कागदांवर सही करतेय आणि मागे खिडकीतून बर्फात खेळणारा तोच मुलगा दिसतोय. कुठे पाहायचं हे दिग्दर्शक सांगत नाही, आणि म्हणूनच त्या मुलाचं आयुष्य आपल्यासमोर बदलताना काळजात कळ उठते.

प्रकाश आकार कसा घडवतो, हे तेरकरांना गावातच पाहता येईल. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या भाजल्या मातीच्या आणि केओलिनच्या मूर्ती आहेत. अशा मूर्तीवर समोरून उजेड पडला तर ती सपाट वाटते. तोच उजेड बाजूने आला की केसांची रचना, गळ्यातला दागिना, ओठांची कड एकेक करून उठून येते. छायाचित्रकार दिव्यांची जागा ठरवताना हाच विचार करी.

१९८०च्या दशकात अमेरिकेत हे जुने चित्रपट संगणकावर रंगवायची टूम निघाली, तेव्हा ‘द माल्टीज फाल्कन’चे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी आपल्या चित्रपटाच्या रंगीत आवृत्तीविरुद्ध जाहीर आवाज उठवला. त्यांचं बरोबर होतं. त्या चित्रपटाच्या शेवटी लिफ्टच्या दाराचे गज नायिकेच्या चेहऱ्यावर तुरुंगासारखे आडवे येतात. तिथे त्वचेला गुलाबी आणि कोटाला तपकिरी रंग फासला की नजर कपड्यांकडे जाते आणि गज मागे पडतात. रंगीत आणि मूळ अशा दोन्ही प्रती समोर असतील, तर मूळच लावावी. खोलीतले दिवेही मालवावेत, कारण पडद्यावर उजेड पडला की सर्वांत आधी काळ्यातले बारकावे जातात.