धावपटूची प्रवासडायरी हा डेटा आहे का?

2022 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसच्या दोन मोठ्या अंतिम शर्यती पळाला. 18 जुलैला अमेरिकेतल्या युजीनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा: वेळ 8:31.75, क्रमांक अकरावा. 6 ऑगस्टला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा: वेळ 8:11.20, रौप्यपदक, नवा राष्ट्रीय विक्रम आणि सुवर्ण फक्त 0.05 सेकंदांनी हुकलेलं. मध्ये 19 दिवस, एक अटलांटिक आणि घड्याळाचा 8 तासांचा फरक. वेळेतला फरक 20.55 सेकंद.

हे आकडे बारावीच्या मुलापुढे ठेवा की एमएस्सीवाल्यापुढे, उत्तर बहुतेक एकच येतं. "सर, युजीन लय लांब, जेट लॅग नडला असंन." ऐकायला बरोबर वाटतं, आणि म्हणूनच त्यावर थांबून विचार करायला पाहिजे. ज्यांना पुढच्या वर्षी पेट द्यायची आहे, आराखडा लिहायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय क्रीडाशास्त्राचा असला तरी यातले खड्डे वनस्पतिशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळीकडे सापडतात.

आधी जेट लॅगचा दावा तपासू. साबळेने युजीनलाच, अंतिम शर्यतीच्या तीन दिवस आधी, प्राथमिक फेरीत 8:18.75 वेळ दिली होती. तेच शहर, तोच प्रवास, तेच शरीर. दुसरं म्हणजे अंतिम शर्यत जिंकणाऱ्या मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीची वेळ होती 8:25.13. त्याच बक्कालीने सहा आठवडे आधी रबातला 7:58.28 नोंदवली होती आणि त्याच रबातच्या शर्यतीत साबळेची वेळ 8:12.48 होती. म्हणजे रबातच्या तुलनेत युजीनला साबळे 19.27 सेकंद हळू, तर विश्वविजेता 26.85 सेकंद हळू. अख्खी शर्यतच हळू झाली होती. सगळे एकमेकांवर नजर ठेवून पळत राहिले आणि फैसला शेवटच्या फेरीत झाला. बक्कालीची वेळ इथे आपल्याला नियंत्रण गटासारखी कामाला आली. ती पाहिली नसती तर 20 सेकंदांचं खापर आपण आरामात विमानावर फोडून मोकळे झालो असतो.

अजून एक गंमत आहे. साबळे भारतातून युजीनला गेला असं गृहीत धरलं तर घड्याळाचा फरक साडेबारा तासांचा होतो. पण त्या मोसमात त्याच्या सरावाचा तळ अमेरिकेतच, कोलोरॅडो स्प्रिंग्जला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे 1840 मीटर उंचीचं हे गाव आणि युजीन यांच्या घड्याळात फरक फक्त एका तासाचा. पासपोर्ट कुठला यापेक्षा धावपटू गेले पंधरा दिवस कुठे झोपला हे महत्त्वाचं, आणि ते निकालपत्रकात नसतं. ते असतं डायरीत.

म्हणून परदेश दौऱ्यावर गेलेल्या धावपटूची डायरी संशोधकाला हवीहवीशी वाटते. किती वाजता झोप, किती वाजता जाग, सकाळची हृदयगती, किती किलोमीटर, पाय कसे, जेवलो काय. आता डायरी मिळाली असं समजू. अकोल्याचा एक हौशी धावपटू, कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळणारा, पैसे साठवून सप्टेंबरच्या शेवटी बर्लिन मॅरेथॉनला गेला. दुसऱ्या दिवशीची नोंद समजा अशी: "पहाटे 3 ला झोप उघडली. 6 किमी हलकं पळालो. पाय जड."

तीन छोटी वाक्यं, पण तिन्हींचा दर्जा वेगळा आहे. "3 ला झोप उघडली" हे मोजता येणारं आहे आणि सिद्धांताशी जुळवताही येतं. सप्टेंबरमध्ये बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथले पहाटेचे 3 हे अकोल्याचे साडेसहा. गडी घरी असता तर एव्हाना पळून येऊन चहा पीत बसला असता. त्याच्या मेंदूतलं घड्याळ अजून अकोल्यावरच चालू आहे. या घड्याळाचं शास्त्रीय नाव सुप्राकायस्मॅटिक न्यूक्लियस. माणसात त्याचा स्वतःचा फेरा 24 तासांपेक्षा थोडा जास्त, साधारण 24.2 तासांचा असतो. त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखडणं अवघड. पश्चिमेला जाताना जुळवणी लवकर होते, पूर्वेला यायला जास्त दिवस लागतात, ते यामुळेच. ढोबळ हिशेब असा की पूर्वेकडे दिवसाला एक तास, पश्चिमेकडे दीडेक तास.

उजेडाचंही तसंच. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत खाली असतं. त्या बिंदूच्या आधी डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकतं, नंतर पडला तर पुढे. आपला माणूस घरी साडेपाचला उठत असेल तर त्याचा हा बिंदू पहाटे 3 च्या आसपास, म्हणजे बर्लिनच्या रात्री साडेअकराला येतो. त्याला घड्याळ मागे न्यायचं आहे, म्हणून पहिले एक-दोन दिवस त्याने संध्याकाळचा उजेड घ्यायला हवा. पहाटे उजाडताच पळायला निघण्याची जी सवय अकोल्यात उन्हापासून वाचवते, तीच तिथे उलट काम करते. डायरीत "सकाळी पळालो" एवढंच असेल तर हे कळणार नाही. सूर्य उगवला होता का, हे त्याने लिहिलेलं असलं पाहिजे.

"6 किमी हलकं" यात हलकं म्हणजे काय? इथे स्वीडनचे गुन्नार बोर्ग मदतीला येतात. श्रम किती वाटले हे 6 ते 20 च्या पट्टीवर सांगायची रीत त्यांनी रूढ केली. पुढे 0 ते 10 ची पट्टीही आली आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणून सरावाचा भार काढायची पद्धत क्रीडाशास्त्रात स्थिरावली. 40 मिनिटं पळालो, श्रम 3 वाटले, तर भार 120. ओबडधोबड आहे, पण "हलकं" पेक्षा पुष्कळ बरं.

आणि "पाय जड". इथे जेट लॅग असेल, आठ-दहा तास विमानाच्या खुर्चीत बसणं असेल, कमी पाणी, अपुरी झोप किंवा अनोळखी जेवणही असेल. शर्यतीआधी सराव कमी केला की काहींना पाय उगाचच जड वाटतात, तेही असेल. एका नोंदीवरून यातलं एकही कारण वेगळं काढता येत नाही.

माझ्या मते खरा धोका एकाच दिशेच्या कारणांपेक्षा विरुद्ध दिशेच्या कारणांत जास्त आहे. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायची गरज नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा हवेत दहा-चौदा दिवस नियमित पळणाऱ्याचं शरीर बदलतं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. हा माणूस बर्लिनच्या सपाट रस्त्यावर, सप्टेंबरच्या गार सकाळी पळाला तर त्याची वेळ घरच्यापेक्षा सुधारायला पाहिजे. समजा जेट लॅगने ती तेवढीच बिघडवली. मग वेळ जवळपास तेवढीच येईल आणि आपण प्रबंधात लिहू, "प्रवासाचा परिणाम आढळला नाही." दोन परिणाम एकमेकांना खाऊन बसले, आणि आपण शून्य जाहीर केलं!

मोजपट्टीचाही प्रश्न येतो. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, 2:50:45 वेळ देऊन एकोणिसावे आले. आजच्या मॅरेथॉनशी ही वेळ थेट ताडायची नाही, कारण ती शर्यत 42.195 नव्हे तर 42.75 किलोमीटरची होती. सरासरी काढली तर किलोमीटरला जवळपास 4 मिनिटं, आणि त्याच गतीने आजच्या अंतराला साधारण 2:48:32. विजेता फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, 2:32:35.8. चौगुल्यांचा प्रवास जहाजाचा होता. जहाजावर घड्याळ रोज थोडंथोडं सरकतं, त्यामुळे जेट लॅगचा प्रश्न नाही. पण कित्येक दिवस समुद्रावर लांब पल्ल्याचा सराव कसा करायचा हा प्रश्न मोठा. विमानाने एक अडचण सोडवली आणि दुसरी आणली. आपल्याकडे परदेश दौऱ्यांची परंपरा तशी जुनी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं. अशा दौऱ्यांची जुनी टिपणं कुणाच्या घरच्या पेटीत निघाली तर ती वाचताना अंतर, वेळ आणि तारीख कशात मोजली हे आधी विचारा.

तारखेवरून आठवलं. घड्याळातून उतरवलेल्या जीपीएस फाइलमध्ये वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते. अकोल्यात सोमवारी पहाटे 5 ला पळाल तर फाइलमध्ये रविवार, रात्री 11:30. हाताने लिहिलेली डायरी सोमवार म्हणते, फाइल रविवार म्हणते, आणि दोन्ही तक्ते जोडले की झोप एका दिवसाची, धाव दुसऱ्याच दिवसाची. साबळेची युजीनची अंतिम शर्यतसुद्धा तिथे 18 जुलैची संध्याकाळ होती, इथे 19 जुलैची सकाळ. उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक नोंदीला तीन रकाने, स्थानिक वेळ, प्रमाणवेळ आणि त्या दिवशी माणूस कोणत्या गावात होता ते. हे आराखड्यातच लिहून ठेवा, नंतर डोकं फिरतं.

आता कोऱ्या पानांकडे या. माणूस डायरी कधी लिहीत नाही? दमला असेल, आजारी असेल, शर्यत खराब गेली असेल तेव्हा. म्हणजे गहाळ नोंदी योगायोगाने गहाळ झालेल्या नसतात. उरलेल्या पानांची सरासरी काढली की चित्र आहे त्यापेक्षा गोड दिसतं. चार दिवसांची पानं परतीच्या विमानात बसून एकदम भरली असतील तर तीही वेगळी खूण करून ठेवा, कारण ती आठवण आहे, नोंद नाही. एकाच पेनाने, एकाच घाईत लिहिलेली चार पानं पाहिली की ओळखू येतात.

सर्वांत वाईट कोरी पानं परतीची. एकाच माणसाचा अभ्यास करायचा असेल तर दौरा हा आयता प्रयोग आहे: जाताना पश्चिम, येताना पूर्व, शरीर तेच. येताना त्रास जास्त दिवस टिकायला हवा असं सिद्धांत सांगतो. ते तपासायला घरी आल्यानंतरचे किमान आठ-दहा दिवस लागतात. पण शर्यत झाली, पदक गळ्यात पडलं, फोटो टाकले की डायरी बंद! त्यामुळे कुणी दौऱ्यावर निघत असेल आणि तुम्हाला डायरी हवी असेल तर जायच्या दोन आठवडे आधी सुरू करायला सांगा आणि परतल्यावर दोन आठवडे चालू ठेवायला सांगा. आधीचे दोन आठवडे नसतील तर "हृदयगती 8 ने वाढली" या वाक्यात कशापेक्षा वाढली हेच कळत नाही.

एका डायरीवरून "भारतीय धावपटूंना असं होतं" म्हणता येणार नाही. या धावपटूला, या दौऱ्यात असं झालं, एवढं म्हणता येतं, तेही अशी पाच-सहा प्रवासांची चक्रं असतील तर जरा ठामपणे. त्यावर पीएचडी होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्या, पण मुद्दा सोडू नका. एका व्यक्तीवर पुन्हापुन्हा मोजमाप घेण्याची पद्धत वैद्यकशास्त्रात मान्य आहे. समितीपुढे तसं नाव घेऊन मांडलं की प्रश्न बदलतात.

राहिलं संमतीचं. डायरीत किलोमीटरसोबत गुडघ्याचं दुखणं, मासिक पाळी, घेतलेली गोळी, प्रशिक्षकावरचा राग, घरचं कर्ज, सगळं असतं. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवरच्या आरोग्य संशोधनाला लागू आहेत, आणि डायरी वाचणं हेही त्यातच येतं. नैतिकता समितीची मंजुरी डायरी हातात घेण्याच्या आधी हवी. संमतीपत्रात कोणते रकाने वाचणार आणि कोणते झाकून घेणार हे वेगवेगळं लिहा. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असंही समजू नका. "अकोला, बर्लिन, अमुक वर्ष" एवढं छापलं तरी गावातले लोक दोन मिनिटांत बोट दाखवतील. शहराच्या जागी विभाग लिहा, तारखेच्या जागी दौऱ्याचा दिवस पहिला, दुसरा, तिसरा असं लिहा. विश्लेषणाला तेवढं पुरतं. लपवलेली दुखापत निवड समितीच्या हाती लागली तर धावपटूचा पुढचा दौराच रद्द होऊ शकतो, त्यामुळे मूळ वही त्याच्याकडेच राहू द्या आणि तुम्ही फक्त ठरलेल्या रकान्यांची नक्कल घ्या.