पोलीस आणि आपण (लेखांक ६) : मदतनीस आणि देखरेख

पोलिसांना मदत करणारी समिती वेगळी आणि पोलिसांना जाब विचारणारी वेगळी. महाराष्ट्रात पहिल्या प्रकारची परंपरा जुनी आहे. शांतता समित्या, ग्रामसुरक्षा दले आणि २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव समित्या ही तिचीच रूपे. सणाच्या आधी ठाण्यात बैठक बसते, मिरवणुकीचा मार्ग आणि भोंगे बंद करायची वेळ ठरते, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. फिर्याद का नोंदवली नाही, कोठडीत कोणाला मारहाण झाली का, हे तिथे क्वचितच कोणी विचारते.

या परंपरेचे सर्वांत उजळ उदाहरण भिवंडीचे. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले होते. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत हिंदू-मुस्लीम दोघेही असत, त्यातही पुढाऱ्यांपेक्षा रोजच्या व्यवहारातली माणसे घेण्यावर भर होता. पोलीस या बैठकांना नियमाने हजर राहत. त्यामुळे अफवा उठली की ती खरी की खोटी, हे कोणाला विचारायचे ते मोहल्ल्याला ठाऊक असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही अशा समित्या निघाल्या. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांनी त्यासाठी कष्ट घेतले.

पण या समित्यांना कायद्याचा आधार नव्हता. अधिकारी बदलला की बैठकीचे महत्त्वही बदले. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या नियोजित पोलीस ठाण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि दोन पोलिसांना जमावाने ठार केले. विश्वास कमावला तरी तो टिकवायला जाब विचारण्याचा हक्क लागतो; तो हक्क इथे कोणालाच नव्हता.

हा हक्क कायद्यात आणण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, २२ सप्टेंबरला, पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात दाखवली. राज्य आणि जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमा, असा आदेश झाला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, नियम डावलून केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी प्राधिकरण चौकशीला घेते. त्यात नागरी समाजातील एका मान्यवराची जागा आहे. मात्र त्याची नेमणूक सरकार करते आणि सदस्य सचिव सेवेतील पोलीस अधिकारी असतो. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची तेच दप्तर सांभाळतात, हा या रचनेतला खरा दोष आहे.

त्याहून लोकांच्या जवळची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालात आहे. ठाण्याचे दार, कोठड्या, मार्गिका, निरीक्षकांची खोली, मागचा भाग, सगळीकडे कॅमेरे हवेत. चित्रण १८ महिने, ते अगदीच जमत नसेल तर किमान एक वर्ष जपायचे आहे. इथे कॅमेरे आहेत आणि छळ झाल्यास मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, असे सांगणारा मोठा फलक स्थानिक भाषेतही बाहेर लावायचा आहे. आपल्या ठाण्याबाहेर तो आहे का, हे कोणालाही जाता-येता पाहता येईल.

या कॅमेऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या जिल्हा समितीत महसूल आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांबरोबर शहरात महापौर आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना स्थान दिले आहे. तक्रार आलेली नसतानाही चित्रण पाहून, कोणी न नोंदवलेला अत्याचार झाला का हे तपासणे, समितीच्या कामातच येते. तेव्हा शेवटची बैठक कधी झाली आणि कोणत्या ठाण्याचे चित्रण पाहिले, हे ग्रामसभेत किंवा वॉर्डात या लोकप्रतिनिधींना विचारता येते.