समुद्राची मर्यादा

समुद्र आपली मर्यादा सोडत नाही, ही समजूत भारतीय लोकमानसात फार जुनी आहे. परंतु ही मर्यादा म्हणजे नेमके काय आणि ती राखतो कोण, याचा विचार सहसा होत नाही. खडकाळ किनाऱ्यावर ती कड्यांची असते. खाडीच्या काठी ती कांदळवनांची असते. जेथे लांबच लांब पुळण पसरलेली असते, तेथे मात्र समुद्राला थोपविणारी वस्तू दिसायला अगदी क्षुल्लक असते. पुळणीच्या माथ्यावरचे, काटेरी गवताने आणि वेलींनी झाकलेले वाळूचे उंचवटे, एवढेच तिचे रूप. फिरावयास येणारा मनुष्य या टेकड्या तुडवीत पाण्याकडे जातो. त्याच्या लेखी ती पडीक जमीन असते. वस्तुतः साऱ्या पुळणीचे अस्तित्व तिच्यावर अवलंबून असते.

उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्याचा किनारा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. शापोरा नदी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर, मोरजीची पुळण सुरू होते. पुढे आश्वे आणि मांद्रे ही ठिकाणे लागतात. या पट्ट्यात वाळूच्या टेकड्यांच्या रांगा आजही काही ठिकाणी टिकून आहेत, आणि त्या कशा घडतात व कशा मोडतात, या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी शेजारी दिसतात.

टेकडी घडविण्याचे काम वाऱ्याचे. पावसाळा संपला की शांत लाटा समुद्रातील वाळू हळूहळू किनाऱ्यावर आणून टाकतात. उन्हाळ्याकडे पुळण रुंद होते आणि कोरडी पडते. दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटरांच्या पुढे गेला की वाळूचे कण उड्या घेत जमिनीकडे सरकू लागतात. वाटेत एखादे झुडूप वा लाकडाचा ओंडका आडवा आला, तर त्याच्या आडोशाला वारा मंदावतो आणि हातातले ओझे तेथेच टाकतो. हीच टेकडीची सुरुवात होय.

तथापि वाऱ्याने जमविलेले वारा उधळूनही देतो. ते धरून ठेवण्याचे काम वनस्पतींचे आहे. सर्वांत पुढे उभे असते ते एक ताठ, टोकदार पात्यांचे गवत. तमिळ लोक त्याला ‘रावणाची मिशी’ म्हणतात, आणि त्याचे रूप पाहिले की नाव कोणालाही पटावे. त्याचे चेंडूसारखे काटेरी तुरे वाऱ्याबरोबर पुळणीवरून घरंगळत जातात आणि नव्या जागी बी रुजवितात. त्याच्या जोडीला असते मर्यादवेल. तिची पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली, फुले जांभळट गुलाबी. ती वाळूवर लांबवर धावते आणि पेरापेरांतून मुळे सोडते. वर वाळू साचली तरी ही दोन्ही झाडे गुदमरत नाहीत. उलट नवे धुमारे फोडून ती वाळूबरोबर वर चढतात. टेकडी वाढते ती अशी. मर्यादवेलीला हे नाव प्रथम कोणी दिले, ते इतिहासात नोंदलेले नाही. परंतु समुद्राची सीमा कोठे आहे, हे त्या माणसाने बरोबर ओळखले होते. या पहिल्या फळीच्या आडोशाला मग केवडा, निर्गुडीच्या जातीची झुडपे आणि शेवटी उंडीसारखे वृक्ष वाढू शकतात.

पुळण आणि टेकडी या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. टेकडी हे पुळणीचे पेव आहे. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर उंच लाटा येतात, पुळण खरवडतात आणि टेकडीच्या पायथ्याची वाळूही ओढून नेतात. ही वाळू किनाऱ्यासमोर पाण्याखाली बांधासारखी पसरते. त्या बांधावर लाटा आधीच फुटतात आणि त्यांचा जोर ओसरतो. पावसाळ्यानंतर तीच वाळू पुन्हा काठावर येते आणि पेव पुन्हा भरू लागते. ही देवघेव शतकानुशतके चाललेली आहे. टेकडी सपाट करून तेथे बांधकाम केले, तर अडचणीच्या दिवसांत काढावयास वाळूच उरत नाही. मग लाटा जमीन खाऊ लागतात, भिंत बांधावी लागते, आणि भिंतीवर आपटून परतणारी लाट उरलीसुरली पुळणही खरवडून नेते.

टेकड्यांचे दुसरे देणे गोड्या पाण्याचे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खारे पाणी जड असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल, तर सिद्धांतानुसार समुद्रपातळीच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. अर्थात ती उंची थोडी घटली तरी साठा कितीतरी पटींनी घटतो. समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी गोड कसे, याचे उत्तर पुष्कळदा या वाळूत असते.

मोरजी आणि मांद्रे येथील पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी अंडी घालण्यासाठी येतात. भरतीच्या रेषेच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी, मादी खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले रात्री बाहेर पडतात. त्यांना समुद्राची वाट कोण दाखवितो? मागे टेकडीची उंच काळी आकृती असते आणि समोर पाण्यावरचे मोकळे, उजळ क्षितिज असते. काळोखाकडे पाठ करून पिले उजेडाकडे धावतात. टेकडी मोडून तिच्या जागी दिव्यांची रांग उभी राहिली की उजेड जमिनीच्या बाजूला येतो, आणि पिले समुद्राकडे पाठ फिरवून मृत्यूच्या वाटेला लागतात.

टेकडी मोडण्याची किंमत माणसानेही मोजली आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी लाटा श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यावर याला येथे आदळल्या. तेथील एका अतिथिगृहासमोरची टेकडी, समुद्राचा देखावा नीट दिसावा म्हणून काही अंशी काढून टाकलेली होती. पाणी त्याच खिंडीतून आत शिरले आणि ती इमारत पार उद्ध्वस्त झाली. शेजारी जेथे टेकड्या अभंग होत्या, तेथे लाटेचा जोर तुलनेने कमी राहिला.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले होते. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई केली. २०११ च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या गोव्यातील पुळणींचा कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नावानिशी उल्लेख आला. परंतु टेकडी एका रात्रीत यंत्राने सपाट होते, आणि सपाट झालेल्या जागी टेकडी होती हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून टेकड्यांचे नकाशे वेळीच होणे आणि गावकऱ्यांची नजर जागी असणे, या दोन गोष्टींना कायद्याइतकेच महत्त्व आहे.

मोडलेली टेकडी पुन्हा उभी करता येते. वाऱ्याला आडवी अशी काटक्यांची विरळ कुंपणे घालावीत, त्यांच्या आडोशाला रावणाची मिशी आणि मर्यादवेल लावावी, माणसांच्या येण्याजाण्यासाठी ठरावीक जागी लाकडी पायवाट उंचावर बांधावी, आणि बाकीचे काम वाऱ्यावर सोपवावे. मात्र ज्या जागेवर इमारत उभी राहिली, तेथे वाऱ्याचाही इलाज चालत नाही. समुद्राने मर्यादा राखावी अशी अपेक्षा असेल, तर त्या मर्यादेवर माणसाने घर बांधता कामा नये.