दुखत नाही, म्हणजे काही नाही?

मोरा कोळीवाड्यातल्या भगिनींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनो. बंधूंनी निघून जाऊ नये, विषय त्यांचाही आहे.

मी डॉक्टर आहे, पण औषध देणारा नव्हे. तत्त्वज्ञानातला डॉक्टर. स्तनांच्या कर्करोगावर बोला असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, खऱ्या डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले, सर, डॉक्टर येऊन गेले. सगळ्यांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या, तपासायला फारसं कोणी गेलं नाही. मग मला वाटलं, अडचण माहितीची नाही, तर्काची आहे. तो माझा प्रांत.

आधी एक घरातली गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का. एका रात्री बायको मला म्हणाली, "वन्संच्या छातीत गाठ लागतेय." मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही म्हणतात." मी म्हटलं, "मग बघू गणपतीनंतर." गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली. अक्काला दाखवलं तेव्हा आठ महिने उलटले होते आणि काखेतही गाठी आल्या होत्या. पुढे ती दोन वर्षं होती. आणि त्याच वर्षी मी वर्गात 'अनुपलब्धी' शिकवत होतो.

अनुपलब्धी म्हणजे काय? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानतात. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही. इतकं सोपं. पण त्यांनी एक अट घातली आहे. घडा असता, तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर 'घडा नाही' असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.

आता हे शरीराला लावा. दुखत नाही, म्हणून आजार नाही, हे कधी खरं ठरेल? आजार असता तर दुखलंच असतं, असं असेल तेव्हा. स्तनांच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. खोलीत अंधार आहे. ही अट मी परीक्षेत मुलांना विचारत होतो आणि घरात विसरलो.

मग दिवा कुठे आहे? तो आपल्या मुंबईतच लावून पाहिला गेला. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रिया. त्यांतल्या साधारण निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, स्तनतपासणी झाली. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांचे हात फक्त. उरलेल्या स्त्रियांना सुरुवातीला आजाराची माहिती दिली आणि पुढे त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली.

निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ज्यांना हा कर्करोग झाला, त्यांपैकी ४७ टक्के जणींचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात कळला. तपासलेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के. पन्नाशी आणि पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळी वयं एकत्र धरली तर घट १५ टक्के दिसते, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरत नाही, आणि पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. हेही सांगितलंच पाहिजे. अर्धं सत्य सांगून कोणाला दवाखान्यात पाठवू नये. पण शिकलेल्या बोटांनी एवढं साधतं, ही लहान गोष्ट नाही.

आता दुसरी चूक, उलट्या बाजूची. गाठ लागली की कॅन्सरच, आणि कॅन्सर म्हणजे संपलं. म्हणून काही जणी मुद्दाम बघतच नाहीत. धूर तिथे अग्नी, याला न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणतात. 'गाठ तिथे कॅन्सर' अशी व्याप्ती नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. कोणती कशी, हे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सुईने घेतलेला तुकडा तपासूनच कळतं. सुई लावली की आजार पसरतो, या भीतीला आधार नाही. आणि लवकर कळलं तर पुष्कळदा स्तन न काढताही उपचार होतात.

म्हणून लक्षात ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, खळी पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, आकारात नवा फरक. यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहायची नाही. काहीच दिसत नसेल, तरी तिशीनंतर सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी हातांनी तपासणी आहे, आशाताईंना विचारा. पन्नाशी आली की डॉक्टरांना मॅमोग्राफीबद्दल विचारा. आणि एकदा 'काही नाही' असा निकाल आला, तर तो त्या दिवसापुरता आहे, जन्मभराचा दाखला नव्हे.

वेळ नाही म्हणता. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा तुम्ही होडी किनाऱ्यावर ओढता, तळ तपासता, डागडुजी करता. पाणी शिरेपर्यंत थांबत नाही. त्याच दोन महिन्यांत एक दिवस स्वतःसाठी काढा. लाँच पकडली की भाऊचा धक्का, तिथून परळ दूर नाही. खारघरलाही टाटाचं केंद्र आहे.

आणि बंधूंनो, घरात कोणी गाठीचं बोलली, तर मी विचारलं ते विचारू नका. "दुखतंय का?" नव्हे. "उद्या किती वाजता निघायचं?" एवढंच विचारा.