पेलाभर जेवण

“गुडघे वाचवायचे असतील तर दहा किलो उतरवा,” डॉक्टरांनी मला बजावले. लगेच चिरंजीवांनी रात्रीच्या जेवणाऐवजी पाण्यात कालवून प्यायच्या भुकटीचा डबा आणला. पेल्याला ऐंशी रुपये! प्याले, आणि तासाभरात माझा हात चिवड्याच्या डब्यात!

शेवटी चष्मा लावून लेबल वाचले. पेल्यात साखर १५ ग्रॅम, प्रथिने अवघी ५! पोटाला आधार देतात ती प्रथिने आणि तंतू. साखरेने भूक फार वेळ थोपत नाही. म्हणून डबा घ्यायचाच तर आधी मागची बाजू वाचावी.

आता माझा पेला घरचाच. सालासकट दळलेल्या फुटाण्यांचे पीठ ४० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, पाणी, जिरे आणि चिमूटभर मीठ. घुसळले की प्रथिने सुमारे १५ ग्रॅम, उष्मांक पावणेतीनशेच्या आसपास आणि खर्च पंचवीस रुपयांच्या आत!

मात्र दिवसातले एकच जेवण असे बदलावे. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

चार महिन्यांत चार किलो उतरले. जिना आता कठडा न धरता चढते. आणि चिवडा? दिवाळीत खाणारच, पण वाटीने मोजून!